दुरुस्तीच्या कामात सल्लागार कोणाचा?

सरकारी घरांच्या दुरुस्तीची निविदा निघाली की आपले गवंडी, सुतार, वेल्डर बांधव पहिला प्रश्न विचारतात, "दर किती भरावा?" कामाचे अंदाजपत्रक कोणी केले आणि काम चालू असताना सल्ला देणारा कोण, हे फारसे कोणी विचारत नाही. धाराशिव जिल्ह्याला (तेव्हाचा उस्मानाबाद) हा प्रश्न एकदा फार मोठ्या प्रमाणावर सोडवावा लागला होता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे आठ हजार माणसे गेली. सास्तूरसारखी गावे जमीनदोस्त झाली. जी गावे पूर्ण उद्ध्वस्त झाली ती नव्या जागी वसवली गेली आणि तिथे ठेकेदारांनी घरे बांधली. पण लाखाहून अधिक घरे अशी होती की ती जागच्या जागीच दुरुस्त करायची होती. जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या या कार्यक्रमात पैसे घरमालकाच्या हाती, हप्त्याहप्त्याने दिले गेले. एक टप्पा पुरा झाल्याचे अभियंत्याने पाहिले की पुढचा हप्ता. म्हणजे गवंड्याचा मालक ठेकेदार नव्हता, घरधनीच होता.

अडचण वेगळीच होती. इथली घरे दगड-मातीची, जाड भिंतींची, वर माळवदाचे ओझे. भिंतीचा आतला आणि बाहेरचा थर एकमेकांना बांधलेला नसे, म्हणून हादऱ्यात तो सुटून पडला. दोन्ही थरांना धरणारा आरपार दगड घालणे, कोपरे बांधणे, वरची माती कमी करणे, लाकडी खांब-तुळयांना तिरके आधार देणे, हे उपाय कागदावर होते. अभियंत्याचे शिक्षण सिमेंट-काँक्रीटचे आणि गवंड्याचा हात जुन्या पद्धतीचा. दोघांच्या मध्ये समजावून सांगणारा कोणी तरी हवा होता.

त्यासाठी शासनाने स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेला लोकसहभागाचा सल्लागार नेमले. गावागावांत महिला मंडळांतून 'संवाद सहायक' पुढे आल्या. घरमालकाला कोणता हक्क आहे, हप्ता कधी मिळणार, गवंड्याने काय करायला हवे, हे त्या सांगत, कामावर नजर ठेवत. असा सल्लागार सूट-बूटवाला नसतो, पण कामाची प्रत राखतो.

सगळे सुरळीत झाले असे मात्र नाही. पुष्कळांनी जुन्या दगडी घराची भीती बसल्यामुळे ते तसेच सोडले आणि त्या पैशात शेजारी विटा-सिमेंटची एक नवी खोली बांधली. त्यांचा दोष कसा द्यावा? मात्र जुनी भिंत दुबळीच राहिली, आणि ती मजबूत करण्याचे कसब ज्यांनी शिकले त्यांना पुढे फारसे काम मिळाले नाही.

म्हणून आज नगरपालिकेची वसाहत असो की सरकारी कर्मचाऱ्यांची निवासस्थाने, देखभालीचे काम घेण्यापूर्वी सल्लागाराचे नाव आणि त्याचे अधिकार करारात आहेत का ते पाहावे. जुने बांधकाम उघडल्यावरच खरी दुरवस्था दिसते. अशा वेळी जादा बाबीची लेखी मंजुरी घेतल्याशिवाय थापी उचलू नये, तोंडी हुकूम बिलात धरला जात नाही. प्लास्टर झाकण्यापूर्वी मोजमाप पुस्तिकेत नोंद करून घ्यावी आणि दोषदायित्वाचा काळ किती, अनामत केव्हा परत मिळणार, हे दर भरण्याआधीच वाचावे. अनामतीत अडकलेल्या रकमेचे व्याजही दरात धरायला हवे. बरेच जण तेच विसरतात.