‘तेवीस’ ऐकून मूल ३२ का लिहितं? चूक मुलाची की शब्दाची?

दुसरीतल्या मुलाला ‘तेवीस’ लिहायला सांगितलं आणि त्यानं ३२ लिहिलं, तर आपण काय म्हणतो? ‘लक्ष कुठंय तुझं?’ पण त्याचं लक्ष बरोबर जागेवर असतं. त्यानं आधी ‘ते’ ऐकलं, म्हणजे तीन. मग ‘वीस’ ऐकलं, म्हणजे दोन दशक. जे ऐकलं, त्याच क्रमानं लिहिलं.

नेमकी अडचण काय?

मराठीत आपण एकक आधी बोलतो, पण लिहितो दशक आधी. त्यात एकोणपन्नास म्हणजे ‘पन्नासला एक कमी’, आणि लिहायचे मात्र ४ आणि ९! तेलुगू, कन्नडमध्ये दशक आधी बोलतात, त्यामुळे तिथं हा गोंधळ होत नाही.

२०१९ चा वाद आठवतोय?

बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘सत्तावीस’सोबत ‘वीस सात’ असं वाचन आलं. मीम्सचा पाऊस पडला, विषय विधानसभेतही गाजला. गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांचं म्हणणं साधं होतं: जोडाक्षरं आणि उलटा क्रम यामुळे मुलं अडखळतात. जुने शब्द हद्दपार केलेले नव्हते. विरोधकांचा मुद्दाही अगदीच चुकीचा नव्हता. घरी आणि बाजारात ‘सत्तावीस’च ऐकू येणार, मग मुलानं दोन्ही शिकायचं का?

बालमानसशास्त्र काय सांगतं?

जाँ पियाजे यांच्या मते साधारण ७ ते ११ वयात मूल तर्क करू लागतं, पण हाताळता येणाऱ्या वस्तूंच्या आधारानं. जेरोम ब्रुनर यांनी शिकण्याचा क्रम मांडला: आधी कृती, मग चित्र, शेवटी चिन्ह. लेव वायगॉट्स्की सांगतात, मूल एकट्यानं जे करू शकत नाही, ते जाणत्याच्या मदतीनं करू शकतं. ती मदत नंतर हळूहळू काढून घ्यायची.

म्हणजे ‘वीस तीन’ ही ‘तेवीस’ची जागा घेणारी गोष्ट नाही. ती तिथवर नेणारी पायरी आहे.

वर्गात कसं करायचं?

बुलडाणा जिल्ह्यातल्या मोताळा तालुक्याचंच उदाहरण घ्या. कपाशीचा भाग, त्यामुळे पऱ्हाटीच्या काड्यांना तोटा नाही. सारखे तुकडे करा, दहा-दहाच्या जुड्या बांधा.

१. दोन जुड्या आणि तीन सुट्या काड्या मुलाच्या हातात द्या.
२. त्याचं चित्र काढायला सांगा.
३. ‘वीस आणि तीन’ म्हणू द्या, मग ‘तेवीस’ हा शब्द द्या.
४. शेवटी २३ लिहून घ्या.

एवढा खटाटोप कशाला?

कारण पुढे ४२ मधून १७ वजा करायचे असतात. दोन सुट्या काड्यांतून सात जात नाहीत, म्हणून एक जुडी सोडावी लागते. जुडी सोडलेल्या मुलाला ‘हातचा’ कळतो. बाकीची मुलं तो पाठ करतात आणि विसरतात. ‘निपुण भारत’ अभियानाचं उद्दिष्टही तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला पायाभूत वाचन आणि गणित यावं हेच आहे. हा पाया कच्चा राहिला, की मूल ‘मला गणित येतच नाही’ असं मनाशी धरून बसतं. मग ते काढणं फार अवघड जातं.

त्यामुळे पुढच्या वेळी वहीत ३२ दिसलं, तर लाल फुली मारण्याआधी एवढंच विचारा: ‘यात जुड्या किती आणि सुट्या किती?’ बऱ्याचदा मूल स्वतःच खोडरबर उचलेल.