वाघोलीच्या खाणीतला निळा वारसा

पाचगणी आणि महाबळेश्वर येथील दख्खन ट्रॅपचा समावेश सप्टेंबर २०२५मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या तात्पुरत्या यादीत झाला, आणि त्यानंतर सह्याद्रीच्या पठारांविषयी जे लिहिले-बोलले गेले त्यात उंच कडे, जांभ्याने आच्छादलेले माथे आणि खालच्या दऱ्या यांचेच वर्णन अधिक होते. हे स्वाभाविक असले तरी अपुरे आहे. ज्या लाव्हाने ही पठारे घडवली, त्याच्या पोटात पुढे खनिजनिर्मितीचे एक दुसरे पर्व घडले, आणि त्या पर्वाचा अत्यंत दुर्मिळ पुरावा पठारावर नव्हे, तर पुणे शहराच्या कडेला असलेल्या दगडखाणींत मिळाला.

ज्वालामुखीचे शहर म्हटले की धुमसणारा शंकू आणि मुख डोळ्यांसमोर येते. पुण्यात तसे काही नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी झालेले उद्रेक मुख्यतः भेगी स्वरूपाचे होते, म्हणजे एखाद्या शिखरातून नव्हे, तर भूकवचातील लांबलचक भेगांमधून लाव्हा बाहेर पडून थरांवर थर पसरत गेला. पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेली ‘ट्रॅप’ ही संज्ञा याच रचनेची निदर्शक आहे. आंबेनळी घाटाने महाबळेश्वरकडे चढताना या थरांची सुमारे १२०० मीटर जाडी उघडी दिसते, आणि कॉक्स व हॉक्सवर्थ या संशोधकांनी १९८५मध्ये त्यांच्या रासायनिक घटकांवरून पोलादपूर, आंबेनळी आणि महाबळेश्वर असे त्यांचे गट पाडले. पर्वती, वेताळ टेकडी आणि आठव्या शतकात अखंड कातळात कोरलेले पाताळेश्वराचे लेणे ही सारी याच पायऱ्यांची पुण्यातील रूपे होत.  

लाव्हा सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला वाहतो, आणि वर येताना त्याच्यावरील दाब घटल्यामुळे त्यात विरघळलेली वाफ व अन्य वायू बुडबुड्यांच्या रूपाने सुटे होतात. हे बुडबुडे वर सरकत असतानाच प्रवाह गोठला, की त्याच्या माथ्याजवळ वाटाण्याएवढ्या, नारळाएवढ्या, क्वचित माणूस आत शिरू शकेल एवढ्या पोकळ्या राहून जातात. अशा खडकाला कुहरी बेसाल्ट म्हणतात. पुढे त्यावर नवे प्रवाह साचतात, पाणी खोलवर मुरून उबदार होते, लाव्हा झटपट थिजल्याने बनलेली काच आणि फेल्स्पार ही खनिजे हळूहळू विरघळवते, आणि त्यांतील सिलिका, कॅल्शियम, सोडियम व ॲल्युमिनियम पोकळ्यांच्या भिंतींवर आणून ठेवते. सामान्यतः आधी हिरवट मृत्तिकेचा पातळ लेप, मग गारगोटी, त्यानंतर ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट आणि शेवटी ॲपोफायलाइट व कॅल्साइट असा क्रम आढळतो. यांतील ह्यूलँडाइट व स्टिल्बाइट ही झिओलाइट गटातील, म्हणजे स्फटिकाच्या जाळीदार रचनेत पाणी धरून ठेवणारी खनिजे असून, ती तापवली असता उकळल्यासारखी फसफसतात हे पाहून क्रोन्स्टेट या स्वीडिश खनिजवैज्ञानिकाने १७५६मध्ये त्यांना ‘उकळणारा दगड’ या अर्थाचे हे ग्रीक नाव दिले.

पुण्याचे वेगळेपण मात्र झिओलाइटांमध्ये नाही, कारण ती नाशिकपासून जळगावपर्यंत अनेक ठिकाणी उत्तम प्रतीची मिळतात; ते आहे व्हॅनेडियम या धातूमध्ये. पाषाण परिसरातील खाणींतून निघालेले ॲपोफायलाइट काचेसारखे रंगहीन नसून हिरवेगार होते, आणि त्या हिरव्या रंगाचे कारण व्हॅनेडियम असल्याचे जॉर्ज रॉसमन या अमेरिकी खनिजवैज्ञानिकाने १९७४मध्ये प्रकाशशोषणाच्या अभ्यासातून दाखवले. शहराच्या दुसऱ्या टोकाला, नगर रस्त्यावरील वाघोलीच्या खाणींत, याच धातूने निळा रंग धारण केला. तेथील कॅव्हान्साइटचे नावच कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट या घटकांच्या आद्याक्षरांतून बनलेले आहे. हे खनिज प्रथम १९६७मध्ये अमेरिकेच्या ओरेगन राज्यात सापडले आणि १९७३मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन झाले; परंतु तेथील अल्प नमुन्यांच्या तुलनेत वाघोलीने पांढऱ्या स्टिल्बाइटवर उमललेले गडद निळे गुच्छ दिले, आणि जगभरच्या संग्रहांमध्ये कॅव्हान्साइट म्हणजे वाघोली असे समीकरण झाले. रुस्तम कोठावाला यांनी १९९१मध्ये ‘मिनरॉलॉजिकल रेकॉर्ड’ या नियतकालिकात या स्थळाचे वर्णन केले. तेच घटक त्याच प्रमाणात असूनही अणूंची मांडणी निराळी असलेले, आणि कॅव्हान्साइटपेक्षाही दुर्मिळ असे पेंटागोनाइटही येथे मिळते.

या निळ्या गुच्छांचे शास्त्रीय महत्त्व त्यांच्या सौंदर्याहून मोठे आहे. सामान्य बेसाल्टमध्ये व्हॅनेडियम दशलक्ष भागांत काहीशे भाग एवढेच असते, तर कॅव्हान्साइटमध्ये ते वजनाने सुमारे ११ टक्के भरते. म्हणजे खडकात विखुरलेला धातू पाण्याने गोळा करून काही मिलिमीटरच्या स्फटिकांत शेकडो पट दाट केला. हे कोणत्या थरात, कोणत्या भेगेलगत आणि कोणत्या खनिजानंतर घडले, याची उत्तरे कपाटात ठेवलेल्या सुट्या नमुन्यावरून मिळत नाहीत, ती खाणीच्या उभ्या भिंतीवरच वाचावी लागतात.

भिंत मात्र सुरुंगाने उडते आणि क्रशरमध्ये जाते. बांधकामाचा दगड हा १९५७च्या खाणी व खनिजे अधिनियमानुसार गौण खनिज असून त्यावरील स्वामित्वधन ब्रासने, म्हणजे शंभर घनफुटांच्या मापाने, आकारले जाते. ब्रासच्या हिशेबात काही मिलिमीटरच्या स्फटिकाला स्थान असणे शक्य नाही. जे वाचले ते खाणकामगारांच्या नजरेमुळे आणि नमुन्यांच्या व्यापारामुळे वाचले, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. भोर घाटातील रेल्वेमार्ग खोदताना एकोणिसाव्या शतकात निघालेली खनिजे लंडनला पोहोचली, तसेच वाघोलीचे उत्तम नमुने परदेशी गेले. सिन्नरच्या गारगोटी संग्रहालयाने महाराष्ट्राची ही संपत्ती महाराष्ट्रातच पाहण्याची सोय केली, ही मोठीच गोष्ट आहे; तथापि संग्रहालय नमुना जपते, स्थळ जपू शकत नाही.

खाणी सरसकट बंद कराव्यात असे कोणीही म्हणणार नाही, कारण पुण्याची घरे आणि रस्ते याच खडीवर उभे आहेत. परंतु केंद्रीय खाण मंत्रालयाने डिसेंबर २०२२मध्ये प्रसिद्ध केलेल्या भूवारसा विधेयकाच्या मसुद्यात खडकांबरोबर खनिजांचाही ‘भू-अवशेष’ म्हणून विचार झालेला आहे, आणि त्या दृष्टीने पाहता वाघोली व पाषाण यांचा दावा पाचगणीच्या पठाराइतकाच भक्कम ठरतो. शहर वाघोलीच्या पलीकडे वेगाने पसरत असून, वापर संपलेल्या खाणी भराव टाकून बुजवल्या की त्यांच्या भिंती पुन्हा उघडता येणार नाहीत. जिल्हा प्रशासनाने भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि पुण्यातील महाविद्यालयांचे भूविज्ञान विभाग यांच्या साह्याने वाघोलीतील निदान एक खाणभिंत निवडावी, तिचे थर नोंदवावेत, आणि तेथे भराव पडण्यापूर्वी तिला कुंपण घालावे.