ड्रॉइंगवर काँक्रीटचं किती लिहायचं?

गैरसमज : सिमेंट, वाळू, खडी, पाणी सगळं किलोत लिहून दिलं की स्ट्रक्चरल इंजिनिअर सुटला.

वस्तुस्थिती : सुटला नाही, अडकला. ड्रॉइंगवर ‘एम ३०’ही आहे आणि ‘सिमेंट ३८० किलो, पाणी १६५ लिटर’ही आहे. २८ दिवसांनी क्यूब कमी भरले, तर ठेकेदार म्हणणार, ‘साहेब, तुम्ही सांगितलंत तेच घातलं.’ यावर काय बोलणार? शिवाय कागदावरची वजनं ढिगाऱ्याला ठाऊक नसतात. घनमीटरला ७०० किलो क्रश सँड धरली आणि पावसात भिजून तिच्यावर ५ टक्के पाणी चढलं, तर सुमारे ३५ लिटर पाणी हिशेबाबाहेर आत जातं. १६५चे २०० होतात आणि पाणी-सिमेंट गुणोत्तर ०.४३वरून ०.५३वर जातं. वाळूची ओल तपासून पाणी कमी करणं बॅचिंग प्लांटवरच्या माणसाच्या हातात आहे, कन्सल्टंटच्या नाही.

गैरसमज : मग नुसता ग्रेड लिहिला की पुरे.

वस्तुस्थिती : मुंबईसारख्या ठिकाणी हा आळस महागात पडतो. क्यूबमध्ये सळई नसते, त्यामुळे खाऱ्या हवेत ती कधी गंजेल हे क्यूब सांगत नाही. आयएस ४५६:२००० मध्ये समुद्रकिनारी उघड्यावरच्या आरसीसीला किमान एम ३०, किमान ३२० किलो सिमेंट, गुणोत्तर ०.४५च्या आत आणि ४५ मिलिमीटर कव्हर सांगितलं आहे. समुद्राचे तुषार थेट उडत असतील तर एम ३५, ३४० किलो आणि ५० मिलिमीटर. या मर्यादा ड्रॉइंगवर हव्यातच. सोबत सिमेंटचा प्रकार, खडीचा कमाल आकार (कॉलम-बीमच्या जोडावर सळया दाटलेल्या असतात, तिथे २० मिलिमीटरची खडी अडकते) आणि स्लंप. त्या चौकटीत वजनं रेडिमिक्सवाल्याने बसवावीत आणि ट्रायल मिक्सचे निकाल इंजिनिअरने पाहून मंजूर करावेत.

गैरसमज : सिमेंट जास्त तेवढं काँक्रीट भक्कम.

वस्तुस्थिती : उष्णता वाढते, आकुंचन वाढतं, तडे जातात. म्हणून तर ४५० किलोच्या वर जायचं तर वेगळा विचार करा, असं हेच मानक म्हणतं.

गैरसमज : प्रमाण लिहून देणं आता कालबाह्य झालं.

वस्तुस्थिती : सगळीकडे नाही. देशावरच्या छोट्या बंगल्याला, साइटवर मिलर फिरवून, एकास दीड आणि तीन हे एम २०चं ठरीव प्रमाण चालतं. मानकाने त्याला तिथवरच मुभा दिली आहे. पेच आहे तो कोकण किनाऱ्यावर. तिथे एम २० बसत नाही आणि जवळपास रेडिमिक्सचा प्लांट असतोच असं नाही. अशा वेळी इंजिनिअरने त्याच वाळूचं, त्याच खडीचं मिक्स प्रयोगशाळेत करून घ्यावं आणि गोणीमागे किती किलो, किती लिटर हे स्वतःच्या सहीने द्यावं. इथे जबाबदारी त्याचीच. खडीची खाण बदलली, की ते सगळं पुन्हा करून घ्यायचं.