केशरोपणाची तजवीज : काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

टक्कल पडू लागलेल्या गृहस्थाला सल्लागारांची वाण आपल्या समाजात कधीच नव्हती. फरक पडला तो इतकाच की, पूर्वी हे सल्लागार कांद्याचा रस आणि जास्वंदीचे तेल सुचवीत, आणि आता ते हप्तेबंदीने पैसे घेऊन एका दिवसात डोके पूर्ववत करून देण्याची हमी देतात. केशरोपणाची शस्त्रक्रिया खरी आहे आणि योग्य माणसाला तिचा गुणही येतो. मात्र तिचे यश शस्त्रक्रियेच्या दिवसापेक्षा आधीच्या योजनेवर अधिक अवलंबून असते, आणि ही योजनाच बहुतेक जण चुकीच्या समजुतींवर उभी करतात.

त्यांतील सर्वांत महाग पडणारी समजूत अशी की, या शस्त्रक्रियेने डोक्यावर नवे केस निर्माण होतात. वस्तुतः ती एकही केस निर्माण करीत नाही. डोक्याच्या मागच्या भागातील आणि कानांवरील केस मुळासकट उचलून पुढे किंवा टाळूवर लावणे, एवढाच तिचा व्याप आहे. पुरुषांच्या नेहमीच्या टकलात डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाने कपाळाकडची आणि टाळूवरची केशमुळे क्रमाक्रमाने क्षीण होत जातात, मागची मात्र बहुधा त्याला दाद देत नाहीत. आणि ही मागची मुळे जागा बदलल्यावरही आपला मूळ स्वभाव सोडीत नाहीत, हे न्यूयॉर्कचे त्वचारोगतज्ज्ञ नॉर्मन ओरेनट्राइख यांनी १९५९ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविले, त्यावरच हे सारे शास्त्र उभे आहे. म्हणजे मागच्या पट्ट्यात जे आहे ते केवळ मुद्दल असून त्यावर व्याज मिळत नाही. जेथून मूळ उचलले तेथे पुन्हा केस उगवत नाही. सर्वसाधारण माणसाच्या डोक्यातून सबंध हयातीत सुमारे ६,००० ग्राफ्ट, कोणाच्या काही कमी तर कोणाच्या काही अधिक, सुरक्षितपणे काढता येतात, आणि त्यापलीकडे गेल्यास मागची बाजूच उघडी पडू लागते. एका ग्राफ्टमध्ये १ ते ४ केस असतात. तेव्हा जाहिरातीतला आकडा केसांचा आहे की ग्राफ्टचा, हे विचारून घेतलेले बरे, कारण त्या एका प्रश्नाने पुष्कळ स्वस्ताई महाग ठरते.

दुसरा गैरसमज तरुणांचा. वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी कपाळाचे कोपरे मागे सरकू लागले की, शाळेच्या छायाचित्रातली केशरेषा परत मिळावी असा आग्रह धरला जातो. आणि आईच्या वडिलांचे केस अखेरपर्यंत शाबूत होते, सबब आपले टक्कल येथेच थांबेल, असा दाखलाही दिला जातो. परंतु टकलाची आनुवंशिकता माता आणि पिता या दोन्ही कुळांतून, अनेक जनुकांच्या द्वारे येते, आणि गळती कोठे थांबणार हे त्या वयात कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. कपाळावर खाली उतरवून आखलेली दाट रेषा पुष्कळ ग्राफ्ट खाते. पुढे तिच्या मागचे मूळचे केस गळून गेले, म्हणजे पुढे केसांची एक पट्टी, तिच्यामागे उघडी टाळू आणि भरपाईसाठी मागे शिल्लक काही नाही, अशी अवस्था होते. म्हणूनच जाणता शल्यचिकित्सक पेन्सिलीने कपाळावर रेषा आखताना ती भ्रूमध्यापासून साधारण ७ ते ८ सेंटिमीटर वर ठेवतो, कोपरे किंचित मागे जाऊ देतो, आणि समोरचा उमेदवार पन्नाशीत कसा दिसेल याचा विचार करतो. शस्त्रक्रियेनंतर औषधांची गरज उरत नाही, ही समजूतही येथेच निकालात निघते: रोवलेले केस टिकले तरी त्यांच्या आजूबाजूचे मूळचे केस गळतच राहतात, आणि त्यांच्यासाठी मिनॉक्सिडिल किंवा फिनास्टेराइड, गुणदोषांची डॉक्टरांशी चर्चा करून, चालू ठेवावे लागते.

एकेक मूळ वेगळे काढण्याच्या पद्धतीत व्रण राहत नाही, असे सांगतात, तेही खरे नव्हे. पट्टी कापून काढण्याच्या पद्धतीत एक लांब रेघ राहते, येथे सुमारे १ मिलिमीटरचे अनेक ठिपके राहतात, इतकेच. भावाचे किंवा मित्राचे केस घेता येत नाहीत, कारण शरीर ते परके म्हणून नाकारते. कृत्रिम तंतू रोवण्यावर तर अमेरिकेत १९८३ सालीच बंदी आली. चाई पडलेल्या जागी, रोग जागृत असताना, रोपण करणे व्यर्थ होय.

कालावधीच्या बाबतीत विशेषतः लग्नाळू मंडळींची फसगत होते. वैशाखातला मुहूर्त धरून फाल्गुनात शस्त्रक्रिया उरकण्याचा बेत पुष्कळ घरांत होतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी कपाळावरची सूज डोळ्यांपर्यंत उतरते, दहाएक दिवसांत बारीक खपल्या गळतात, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत रोवलेले बहुतेक केसही गळून पडतात. यात बिघडले काहीच नसते. मुळे त्वचेखाली विश्रांती घेत असतात. नवे केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून दिसू लागतात, पुरता परिणाम दिसायला वर्ष लागते, आणि टाळूवर त्याहूनही अधिक. अक्षता पडतील त्या दिवशी वराचे डोके बेताच्या दिवसापेक्षाही उघडे असण्याचा संभव म्हणूनच मोठा.

राहिला प्रश्न शस्त्रक्रिया करणाऱ्याचा आणि पैशाचा. हे काम केशकर्तनालयाच्या जोडधंद्यासारखे किरकोळ आहे, असा समज पसरला आहे. वास्तविक तासन्‌तास चालणाऱ्या या शस्त्रक्रियेत बधिरीकरणाच्या औषधाची मात्रा माणसाच्या वजनाप्रमाणे मर्यादित ठेवावी लागते, ॲलर्जीचा झटका आल्यास तो सावरण्याची सिद्धता हाताशी असावी लागते, आणि अशा शस्त्रक्रियांनंतर आपल्या देशात मृत्यूही घडले आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत हे काम रीतसर प्रशिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरांनीच करावे असे म्हटले असून, कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर पाहून मिळालेले ज्ञान त्यासाठी पुरेसे नाही, असेही बजावले आहे. खर्चाचा अंदाज बांधताना हेही ध्यानात धरावे की, आरोग्यसेवेला वस्तू व सेवा करातून मिळणारी सूट केशरोपणाला लागू नाही, आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा दावा आरोग्यविमा कंपनी सामान्यतः मंजूर करीत नाही.

तेव्हा बयाणा देण्यापूर्वी डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक मागून घेऊन महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे त्याची खातरजमा करावी. त्वचेला छेद कोण देणार, मागच्या पट्ट्यातून किती ग्राफ्ट काढणार आणि पुढील गळतीसाठी किती राखून ठेवणार, याची उत्तरे कागदावर लिहून घ्यावीत. आणि ती मिळत नसतील तर निमूटपणे उठून घरी यावे.