ओंबिलिनचा भटारखाना

२०१९च्या जुलैत बाकूला भरलेल्या युनेस्कोच्या बैठकीत जयपूर जागतिक वारसा ठरलं, आणि आपल्या वर्तमानपत्रांना गुलाबी रंगाखेरीज काही दिसेना. त्याच बैठकीत पश्चिम सुमात्रातल्या सावालुंतो या कोळशाच्या गावालाही तो मान मिळाला. माझं लक्ष तिकडे गेलं ते आयझरमनमुळे. बोरोबुदूरच्या देवळाच्या पायथ्याला दगडी बांधकामाआड झाकलेली शिल्पं १८८५ साली उजेडात आणणारा हा डच माणूस पेशानं रेल्वे इंजिनिअर. पुढे त्यानं सुमात्राच्या डोंगरांतून कोळशासाठी लोहमार्ग नेला. देवळाचं झाकलेलं शोधणाऱ्याच्या रुळांखाली काय झाकलं गेलं असेल, या कुतूहलानं मी वाचत गेलो.

कोळशाची हकिगत थोडक्यात उरकता येते. डे ग्रेव्ह नावाच्या तरुण खाण-इंजिनिअरनं १८६८च्या सुमारास ओंबिलिन नदीच्या खोऱ्यात कोळसा शोधला, साठा २० कोटी टनांच्या घरात आहे असा अंदाज मांडला आणि माल बाहेर काढायची वाट शोधताना १८७२मध्ये क्वांतान नदीत बुडून मेला. मग वीसेक वर्षं नुसता खल. रूळ पूर्वेला न्यायचे की पश्चिमेला, पैसा सरकारनं घालायचा की कंपनीनं? अखेर सरकारनंच घातला. १८९०च्या दशकाच्या सुरुवातीला खाण चालू झाली, १८९४मध्ये गाडी सावालुंतोला पोचली आणि चढावर दातेरी रुळांच्या आधारानं दीडशे किलोमीटरवरच्या पाडांगजवळच्या एमाहाफन बंदरात कोळसा उतरू लागला.

कोळसा खणणार कोण, हा प्रश्न मात्र रुळांनी सुटला नाही. स्थानिक मिनांगकाबाऊ मजूर पुरेसे मिळेनात. जावातून आणि चीनमधून करारावर माणसं आणली, तरी हात कमीच पडत. तेव्हा डच अमलाखालच्या बेटांवरच्या तुरुंगांतून कैदी आणून खाणीत उतरवले. त्यांना लोक ‘ओरांग रांताई’ म्हणत, म्हणजे साखळीतली माणसं. त्यांची ओळख आकड्यानं. मेल्यावर कबरीच्या दगडावरही आकडाच.

विसावं शतक सरताना सहज निघेल असा कोळसा संपत आला आणि गाव ओस पडण्याची चिन्हं दिसू लागली. २००१ साली नगरपालिकेनं ठरवलं की २०२०पर्यंत सावालुंतो हे खाण-पर्यटनाचं सुसंस्कृत शहर करायचं. अशा घोषणा आपल्याकडेही पैशाला पासरी होतात. पण या माणसांनी वारसा केंद्रासाठी जागा निवडली ती विलक्षण. खाण कंपनीचं रुबाबदार कार्यालय गावात उभं होतं. ते बाजूला ठेवून त्यांनी १९१८ साली बांधलेला भटारखाना घेतला. त्याचं नाव गुदांग रान्सुम, शब्दशः शिध्याचं कोठार. मधल्या काळात तिथे शाळा भरली, कामगारांचे संसार झाले. २००५मध्ये तिथे संग्रहालय उघडलं.

खाणीची संग्रहालयं बहुधा यंत्रांच्या प्रेमात पडतात. फिरती चाकं, पॉलिश केलेली पितळ, शेजारी एखाद्या साहेबाचा फोटो. इथे पाहुण्यासमोर येतात ती मीटरभराहून रुंद भांडी, वाफेवर शिजणाऱ्या भाताची. आपल्या गावजेवणातली हंडी त्यांच्यापुढे वाटीएवढी वाटावी. टनांचे आकडे वाचून खाण केवढी होती ते कळत नाही. किती तोंडं रोज भरावी लागत, हे भांड्यात डोकावताच कळतं. आणि शिधा म्हणजे काही दया नव्हे. भात मोजून देणारा माणूस श्रमही मोजूनच घेतो. कुठल्याही वारसा केंद्राचा आराखडा करणाऱ्यांनी सावालुंतोकडून एवढं जरी उचललं तरी पुष्कळ झालं.

मला खटकतो तो बोगदा. २००७च्या सुमारास जुना बोगदा साफ करून लोकांसाठी खुला केला. शिरस्त्राण घालून खाली उतरायचं, दिव्यांच्या उजेडात कोळशाचा थर हातानं चाचपायचा. हा बोगदा म्बा सुरोच्या नावानं ओळखला जातो. म्बा सुरो हा जावाहून आलेला मुकादम, त्याला मंत्रतंत्र येत असं गाव सांगतं. सांगू दे. पण साखळीतल्या माणसांनी खणलेल्या बोगद्याला मुकादमाचं नाव, हा न्याय मला पटत नाही.

नाव द्यायला माणूस नव्हता असंही नाही. जावातल्या ब्लोरा भागात सामिन सुरोसेंतिको नावाचा शेतकरी होता. डच वनखात्यानं सागाची जंगलं ताब्यात घेतली. तेव्हा, १८९०च्या सुमारास, त्यानं शेजाऱ्यांना सांगितलं की सारा भरू नका, वेठीला जाऊ नका आणि हात उगारू नका. आपले जंगल सत्याग्रह १९३०चे! सामिनला १९०७मध्ये पकडून पश्चिम सुमात्रात हद्दपार केलं आणि १९१४मध्ये तो तिकडेच वारला. तो सावालुंतोच्या खाणीत राबला असं मानलं जातं. त्याचे अनुयायी जावात अजून आहेत. केंडेंगच्या डोंगरात सिमेंट कारखाना नको म्हणून २०१६मध्ये राष्ट्रपती भवनासमोर शेतकरी बायकांनी सिमेंटमध्ये पाय रोवून घेतले, त्या लढ्यात हे लोक पुढे होते. सावालुंतोच्या केंद्राचं पुढचं दालन सामिनचं असावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

दोष फक्त त्यांनाच कसा द्यावा? अंदमानच्या सेल्युलर जेलमधल्या राजबंद्यांची नावं आपण दगडावर कोरली. त्यांच्याआधी अंदमानात जंगल तोडताना मेलेले साधे कैदी आपल्यालाही ठाऊक नाहीत. वरोऱ्याची सरकारी कोळसा खाण विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच बंद पडली. आज वरोरा म्हटलं की आनंदवन आठवतं, खाण कुणालाच नाही. सावनेरला २०१६मध्ये खाण-पर्यटन सुरू झालं हे चांगलंच आहे. पण नुसती खाण दाखवून भागत नाही. तिथे राबलेल्यांची नावं हवीत, आणि ती कागदांतच सापडतील. चंद्रपूर, वणी, बल्लारपूर, उमरेडकडच्या वाचकांना म्हणून विनंती: आजोबांचा हजेरीचा बिल्ला, पगाराची चिठ्ठी, शिध्याचं कार्ड घरात कुठे असेल तर यंदाच्या साफसफाईत रद्दीत घालू नका.