सदोष नवी मोटार आणि ग्राहकाचे हक्क

देशातील मोटार उद्योगाचे एक प्रमुख केंद्र म्हणून चेन्नईची ओळख आहे. श्रीपेरुंबुदूर, ओरगडम या औद्योगिक पट्ट्यात दरवर्षी लाखो मोटारी तयार होतात. तथापि, कारखान्यापासून काही किलोमीटरवर राहणारा ग्राहकही मोटार विकत घेतो ती वितरकाकडून. ती सदोष निघाल्यास वितरक उत्पादकाकडे बोट दाखवतो आणि उत्पादक हमीपत्रातील अटींकडे. कर्जाचे हप्ते मात्र सुरूच राहतात. अशा वेळी मोटार परत करून पैसे मागण्याचा हक्क ग्राहकास आहे काय? हक्क आहे; परंतु तो आपोआप मिळत नाही, दोष सिद्ध करावा लागतो.

माहितीची विषमता

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये वापरलेल्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन असे दाखविले, की विक्रेत्यास वस्तूची माहिती अधिक आणि ग्राहकास कमी असेल, तर बाजारयंत्रणा नीट कार्य करू शकत नाही. या विषयावरील कार्यासाठी २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नव्या मोटारीच्या बाबतीतही आरेखन व निर्मितीची माहिती उत्पादकाकडेच असते. ही विषमता कमी करणे हे ग्राहक कायद्याचे आर्थिक प्रयोजन होय.

कायद्याची चौकट

१९८६ च्या कायद्याची जागा घेणारा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यानुसार आयोग दोष दूर करणे, वस्तू बदलून देणे, किंमत व्याजासह परत करणे आणि नुकसानभरपाई देणे, असे आदेश देऊ शकतो. मोबदला ५० लाख रुपयांपर्यंत असल्यास तक्रार जिल्हा आयोगाकडे, त्यावर २ कोटींपर्यंत राज्य आयोगाकडे आणि त्याहून अधिक असल्यास राष्ट्रीय आयोगाकडे दाखल होते. मुदत दोन वर्षांची आहे. ग्राहक जेथे राहतो किंवा नोकरी करतो तेथेही तक्रार करता येते. चेन्नईत मोटार घेऊन पुण्यास बदली झालेला ग्राहक पुण्यात दाद मागू शकतो. व्यापारी हेतूने केलेली खरेदी वगळली असली, तरी स्वयंरोजगारातून उपजीविकेसाठी घेतलेल्या टॅक्सीस संरक्षण मिळते.

या कायद्याने ‘उत्पादन दायित्व’ ही संकल्पनाही आणली. ब्रेक निकामी होऊन इजा झाल्यास ती लागू होते. मात्र खुद्द मोटारीचे नुकसान तीत येत नाही. त्यासाठी वरील आदेशांचाच आधार घ्यावा लागतो.

न्यायालयांची भूमिका

२००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने क्लचच्या दोषासंबंधीच्या एका प्रकरणात संपूर्ण मोटार बदलून देण्याचा आदेश रद्द केला. हमी सदोष भाग दुरुस्त करण्यापुरती किंवा बदलून देण्यापुरती असेल, तर उपायही तेवढाच, असा त्याचा आशय होता. गोव्यातील एका ग्राहकास २०११ मध्ये नवी म्हणून दिलेली मोटार २००९ ची निघाली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात उत्पादकास दायित्वातून मुक्त केले. कारण वितरकाच्या कृत्याची त्यास माहिती होती, हे सिद्ध झाले नाही. म्हणून तक्रारीत दोघांनाही पक्षकार करणे आणि प्रत्येकाची चूक स्वतंत्रपणे मांडणे आवश्यक ठरते.

पुराव्याचे महत्त्व

प्रत्येक दुरुस्तीचे जॉब कार्ड, लेखी तक्रारी आणि आयोगामार्फत होणारी तज्ज्ञ तपासणी यांवर निकाल अवलंबून असतो. तोच दोष वारंवार उद्भवल्याची नोंद नसेल, तर निर्मितीदोष सिद्ध करणे कठीण जाते.

व्यापक धोक्यासाठी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम ११०-अ समाविष्ट झाले. त्यानुसार केंद्र सरकार सदोष वाहने परत मागविण्याचा आदेश उत्पादकास देऊ शकते. ही तरतूद १ एप्रिल २०२१ पासून लागू आहे. वैयक्तिक तक्रारीत पुराव्याचा भार एकट्या ग्राहकावर पडतो. या तरतुदीत शासन तो उचलू शकते. माहितीची विषमता कमी करण्याचा हा अधिक परिणामकारक मार्ग होय.