कच्चे घर कोणाला म्हणावे?

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३९ साली येनानला पोहोचले, तेव्हा भारतीय वैद्यकीय पथकाच्या वाट्याला राहावयास आली ती मातीच्या डोंगरात कोरलेली घरे. कोटणिसांचे चरित्र आपल्याकडे शाळकरी मुलांनाही ठाऊक असते. त्या घरांविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. उत्तर चीनच्या पिवळ्या मातीच्या पठारावर कोट्यवधी माणसे शतकानुशतके अशा घरांतून राहत आली. वीट नाही, सिमेंट नाही, लाकूडही बेताचेच. आणि तरी कडाक्याच्या थंडीत आत ऊब, उन्हाळ्यात गारवा. दक्षिणेकडील फूचिएन प्रांतात याहून नवल वाटावे असा प्रकार आहे. चेपून घट्ट केलेल्या मातीच्या जाड भिंतींची ती प्रचंड वर्तुळाकार घरे तीन-चार मजल्यांची असून, एकेका घरात एका कुळाची अनेक कुटुंबे नांदत. त्यांतील कित्येक घरे काही शतके पावसावाऱ्यात उभी आहेत. अशा ४६ वास्तूंना युनेस्कोने २००८ साली जागतिक वारशाचा मान दिला.

हीच घरे ठाणे जिल्ह्यात असती तर? आपल्या जनगणनेच्या वर्गवारीत मातीची भिंत ही 'कच्ची' होय. तेव्हा या वास्तूंना पक्के घर म्हणता आले नसते. छपरावरील कौलांच्या पुण्याईने फार तर अर्धेपक्के! घर किती वर्षे टिकले, आतील माणूस कितपत सुखी आहे, हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. भिंत कशाची, एवढेच विचारावयाचे.

कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत बसले की तासाभरात शहापूर तालुका लागतो. या तालुक्यातील आणि शेजारच्या मुरबाडमधील पाड्यांवर कुडाची घरे अजून दिसतात. मेढी रोवून त्यांवर आढे आणि वासे चढवावयाचे, मेढींच्या मध्ये कारवीच्या काठ्यांचा कूड उभा करावयाचा, तो शेणामातीने लिंपावयाचा आणि वर पेंढा किंवा नळीची कौले घालावयाची, अशी ही रचना. कारवी सह्याद्रीच्या उतारांवर आपोआप वाढते, सात-आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि बी धरले की वाळते. म्हणजे काठी मिळावी म्हणून झाड मारण्याचेही फारसे कारण नाही. वर्षाला दोन-अडीच हजार मिलिमीटर पाऊस झोडपणाऱ्या या प्रदेशात मातीची जाड भिंत चालत नाही, हे येथील माणसाला कोणी पुस्तकातून शिकविले नाही. म्हणून भिंत हलकी, छप्पर उतरते आणि वळचण खाली आलेली. कूड वारा अडवीत नाही, गाळून घेतो. मोडला तर घरच्या माणसालाच दुरुस्त करता येतो. गवंड्याची वाट पाहावी लागत नाही.

याचा अर्थ ही घरे आदर्श आहेत असा नव्हे. शहरात पंख्याखाली बसून कुडाच्या घराचे गोडवे गाणे सोपे असते. वाळवी लागते, उंदीर-साप शिरतात, दरवर्षी लिंपण्याचे काम बहुधा बाईच्याच माथी येते. पक्के घर हवे असे तीच म्हणते, तेव्हा तिला परंपरेचे धडे देण्याचा अधिकार आपणांस नाही. मातीचे प्रत्येक घर सुरक्षित असते असेही नाही. चीनमधील १९२० च्या हैयुआन भूकंपात डोंगरातील ही घरे ढासळून असंख्य माणसे गाडली गेली; ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत दगडमातीच्या जाड भिंतींनी आणि वरच्या जड छपरांनी काय केले, ते महाराष्ट्र विसरलेला नाही. तेव्हा चीनचे घर उचलून मुरबाडला आणावे असे कोणी सुचविले, तर तो वेडेपणा ठरेल. घ्यावयाची ती त्यामागील रीत: प्रथम माती, पाऊस आणि वारा पाहावयाचा, घर मागाहून बेतावयाचे.

आमच्या घरकुलांचे नेमके उलटे झाले आहे. १९८५ च्या सुमारास सुरू झालेल्या इंदिरा आवास योजनेची जागा २०१६ साली प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. किमान २५ चौरस मीटर जागा आणि सपाट प्रदेशात १ लाख २० हजार, दुर्गम भागात १ लाख ३० हजार रुपयांचे साहाय्य असे तिचे केंद्राचे माप. स्थानिक साहित्य वापरू नये, असे ही योजना म्हणत नाही. उलट केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयाने राज्याराज्यांच्या घरांचे नमुने गोळा करून 'पहल' नावाचा संग्रहच सिद्ध केला. परंतु हप्ता मिळतो तो जोते झाले, छत पडले असे टप्पे पाहून, आणि गवंड्याला येते ती वीट आणि स्लॅब. मग विदर्भात काय अन् कोकणात काय, तीच चौकोनी पेटी. एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्रभर ती धग आत सोडतो. भात साठवावयाचे कोठे, शेळ्या बांधावयाच्या कोठे, चूल कोठे मांडावयाची, याची उत्तरे आराखड्यात नसतात. म्हणून नव्या घरकुलाला खेटून पुन्हा कुडाचीच खोपी उभी राहिलेली दिसते.

या विटेचीही एक कथा आहे. दिवाळीनंतर कातकरी कुटुंबे पाडे सोडून भिवंडी-कल्याण परिसरातील वीटभट्ट्यांवर जातात, उचल फेडीत पावसाळ्यापर्यंत राबतात. डोंबिवलीच्या इमारती ज्यांच्या हातच्या विटांनी चढल्या, त्यांचे स्वतःचे घर मोजणीत कच्चे!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात चीनमध्ये रुग्णसेवा करून परतणारे लॉरी बेकर बोटीची वाट पाहत मुंबईत थांबले, तेव्हा त्यांची गांधीजींशी गाठ पडली. बेकरांच्या पायातील चिंध्यांचे चिनी जोडे पाहून गांधीजींचे कुतूहल जागे झाले, आणि पाच मैलांच्या परिघात मिळेल त्या साहित्याने घर बांधावे हा त्यांचा विचार बेकरांनी पुढे केरळात आयुष्यभर चालविला. ठाणे जिल्ह्याला हे अशक्य नाही. दगडाचे जोते, थोडे सिमेंट मिसळून यंत्रात दाबलेल्या मातीच्या विटा, वर मंगलोरी कौले, पुढे रुंद पडवी आणि मागे धूर जाऊ देणारी कुडाची स्वयंपाकाची जागा असे घर अभियंत्याला मोजता येईल आणि त्यावर हप्ताही देता येईल. त्यासाठी तालुक्यातील पाच-पन्नास गवंडी आधी तयार करावे लागतील, आणि कारवी तोडणाऱ्याला वनखात्याच्या माणसाचे भय वाटणार नाही अशी तजवीज करावी लागेल.

२०११ च्या जनगणनेत घर कशाचे आहे याखेरीज ते चांगले, राहण्याजोगे की मोडकळीस आलेले, याचाही स्वतंत्र रकाना होता. कच्चे-पक्के ठरविताना त्याकडे कोणी पाहिले नाही. २०२७ च्या जनगणनेचे काम नेहमीप्रमाणे शिक्षक आणि कारकून यांच्याच हातून व्हावयाचे आहे. किन्हवलीच्या एखाद्या पाड्यावर, नुकत्याच लिंपलेल्या कुडापुढे उभे राहून तो रकाना तेच भरतील.